घडीचं कडं

ते घड्याळ मला हुंड्यात मिळालेले नव्हते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरातल्या पुढच्या पिढीने ही गोष्ट पार उलटी करून ठेवली आहे, आणि प्रत्येक लग्नकार्यात जेवणे आटोपली की पानसुपारीबरोबर तीच उलटी गोष्ट वाटली जाते. लग्नात मी काहीही मागितले नव्हते. घड्याळ आले ते लग्नानंतर बऱ्याच काळाने, आणि दिले ते माझ्या पत्नीच्या थोरल्या भावाने, स्वतःच्या मनगटावरून काढून.

तो नौदलात होता. समुद्रात बुडी मारून जहाजांच्या तळाची कामे करणाऱ्यांपैकी. रजेवर असताना तो आमच्या गावी आला, तलावाच्या पारीवर माझ्याबरोबर फिरला, पाण्याच्या पाळीवरून चाललेले भांडण त्याने उभ्या उभ्या ऐकले, आणि परतताना एस.टी.च्या थांब्यावर घड्याळ माझ्या हातात ठेवले. "भाऊजी, हे घडी माह्यापेक्षा तुमच्या तलावाले जास्त कामाची हाये," तो म्हणाला. मी नको म्हणालो. तेवढ्यात बस आली आणि तो चढून बसला. याला कोणी हुंडा म्हणत असेल, तर त्याने तो शब्द शब्दकोशात पुन्हा पाहावा.

तेव्हा मी पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या अलीकडच्या एका गावी शाळामास्तर होतो. सत्तरचे दशक संपत आले होते. गाव धानाचे, आणि धान तलावाच्या भरवशावर. तलावाला मातीची पार, पारीच्या पोटात तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दगडी तोंड, आणि तुडुमावर गावाने नेमलेला म्हातारा पाणकर. पाऊस मनासारखा झाला की तुडुमाकडे कोणी फिरकत नसे. पण नवरात्राच्या सुमाराला, दाणा अजून दुधात असताना पाऊस थांबला, की तलावात उरलेले पाणी पाळीने वाटून घ्यावे लागे. पाळी तुडुमाजवळच्या बांधीपासून सुरू होई आणि टोकाच्या बांधीपाशी संपे. बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. वरच्या प्रत्येकाने आपल्या पाळीत थोडे थोडे जास्त घेतले, तर टोकाच्या बांधीला ओला चिखलसुद्धा मिळत नसे.

पूर्वी पाळी सावलीवर मोजत. पाणकर पारीवर काठी रोवी आणि सावली अमुक दगडाला टेकली की पाणी वळवी. दगड सरके, काठीही सरके. ती कोण सरकवी हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते.

माझ्या मेहुण्याच्या घड्याळाची खुबी अशी, की त्याच्या काचेभोवती एक फिरते पोलादी कडे होते आणि त्या कड्यावर एक चकाकणारी त्रिकोणी खूण होती. पाण्यात उतरण्यापूर्वी बुडी मारणारा ती खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवतो. खाली किती वेळ गेला हे मग त्याला आठवावे लागत नाही, कडे पाहून कळते. आम्ही तेच तुडुमावर केले. पाळी सुरू होताना खूण काट्यासमोर आणायची. काटा फिरून पुन्हा खुणेपाशी आला की पाळी संपली. काटा वेळ सांगतो, पण सुरुवात केव्हा झाली हे कडे लक्षात ठेवते. मी ती वेळ वहीत लिहून ठेवू शकलो असतो. परंतु मास्तराने लिहिलेल्यावर त्या गावाचा विश्वास नव्हता, आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर होता. यात मला अपमान वाटला नाही. मीही त्यांच्या जागी असतो तर तेच केले असते.

गावाने त्या भागाला आपले नाव दिले. इंग्रजी नाव मेहुण्याने सांगितले होते, ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात राहिले नाही. गावासाठी ते हातात घालायच्या कड्यासारखे दिसत होते, म्हणून ते 'घडीचं कडं' झाले. हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे जे झाले ते या शब्दामुळेच झाले, आणि इतरांच्या सगळ्या हकिगतींत नेमका तोच गळलेला आहे.

आता माझ्या पत्नीविषयी. ती भंडाऱ्याची, पितळेची भांडी बनतात आणि विकली जातात त्या गल्लीत वाढलेली. जे चकाकते ते चिंचेने आणि राखेने घासायचे, हे तिच्या माहेरी बाराखडीच्या आधी शिकवीत असावेत. खांडेनवमीला अवजारांची पूजा असते. त्या वर्षी पाऊस थांबून पंधरवडा होत आला होता आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुडूम उघडायचे गावाने ठरवले होते. खांडेनवमीला मी शाळेतून आलो तेव्हा अंगणात पाटावर विळा, पावशी, कुदळ, माझ्या सायकलचा पंप असे सगळे ओळीने मांडलेले होते आणि मध्यभागी, सर्वांत जास्त चकाकत, घड्याळ होते. त्यावर हळदकुंकू वाहिलेले होते.

"घासली काय?" मी विचारले.

"मंग? सगळ्या गावाले पाणी पाजते ते. तिले तशीच मळकट बसवू काय पाटावर?"

खरे सांगतो, मला कौतुकच वाटले. इतके उजळ ते घड्याळ मी कधी पाहिले नव्हते.

संध्याकाळी टोकाच्या बांधीचा शेतकरी आला. उंच, काटकुळा आणि तोंडाचा फटकळ असा हा गृहस्थ माझा त्या गावातला पहिला मित्र. त्याची सगळी शेती म्हणजे ती एकच बांधी. या पाळीचे पाणी तिथवर पोचले नाही, तर दाणा पोकळ राहणार होता आणि त्याच्या घरात वर्षाचा तांदूळ येणार नव्हता. हे तो बोलून दाखवत नसे. पण चौकशीच्या निमित्ताने रोज येई.

"गुरुजी, परवाच्या पाळीले कडं तयार हाये ना जी?"

मी मोठ्या डौलाने घड्याळ उचलले आणि कडे फिरवायला गेलो. ते हलले नाही. पुन्हा जोर लावला. आतून दातांत वाळू यावी तसा करकर आवाज आला आणि कडे जागच्या जागी राहिले.

"रुसलं काय?" तो म्हणाला. निघताना उंबऱ्यावरून मागे वळून म्हणाला, "कडं रुसलं त सावलीची काठी निघन, गुरुजी. मंग माह्या बांधीचं काही खरं नाही."

तो गेल्यावर पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय झालं? सकाळी तं चमकून राहिली होती."

"चमकून राहिलीच आहे," मी म्हणालो. "फिरून नाही राहिली."

कड्याच्या फटीतून राखेची करडी रेघ दिसत होती, आणि तिच्यात चिंचेचा कोळ वाळून घट्ट बसला होता. तिने ते पाहिले. ती रडली वगैरे नाही. तसे सांगणारे तिला ओळखत नाहीत. "चिंच पाण्यानं निंघते," एवढे बोलून ती पोळ्या लाटायला गेली.

दसऱ्याच्या सकाळी मी अंगणात बसलो. इथे दुसऱ्या खोट्या हकिगतीचा समाचार घेतला पाहिजे. माझ्या मेहुण्याचा मुलगा सांगत फिरतो, की मी ते घड्याळ विळ्याने उघडले. तो त्या वेळी जन्मलेलाही नव्हता. मी विळ्याला हात लावला नाही. मी पक्कड घेतली होती, हे कबूल. तिला फडके गुंडाळले होते आणि कडे चिमटीत धरून एका अंगाला वळवण्याच्या बेतात होतो, इतक्यात पत्नीने माझे मनगट धरले.

"हे काय करून राहिले? बाईच्या हातात कडं अडकलं त असं पकडीनं ओढता काय?"

"हा बाईचा हात नाही. हे घड्याळ आहे."

"कडं त कडंच हाये ना? पक्कड ठेवा खाली."

मी पक्कड खाली ठेवली. कारण त्या क्षणी माझ्या लक्षात आले की ती बरोबर बोलत आहे. ती रागावली होती म्हणून नव्हे, जसे तिच्या बहिणी आजही सांगतात. घट्ट कडे उतरवण्याची रीत प्रत्येक बाईला ठाऊक असते. जोर करायचा नाही. कोमट पाण्यात हात बुडवायचा, रिठ्याचा फेस लावायचा, मग ओले फडके धरून कडे उलसे इकडे, उलसे तिकडे करायचे, आणि हाताला वाटू द्यायचे की आपल्याला कोणी ओढत नाही.

तिने गंजात, म्हणजे पातेल्यात, कोमट पाणी घेतले आणि रिठे चोळून फेस केला. माझा हात मात्र अडला. घड्याळ पाण्यात बुडवायचे माझ्याने होईना.

"दर्याच्या बुडाशी जाऊन आली ते," ती म्हणाली. "या गंजाले भिईन काय?"

घड्याळाच्या बाजूची किल्ली पूर्ण आवळली आहे ना, एवढे मी पाहून घेतले. ती ढिली असती तर पाणी यंत्रात गेले असते, आणि ही खबरदारी माझी होती, तिची नव्हे. मग घड्याळ फेसात सोडले. जरा वेळाने तिने ते ओल्या फडक्यात धरले, मी कड्यावर बोटे ठेवली, आणि ती सांगेल तसे मी वळवत गेलो. "इकडं. बस. आता तिकडं. जोर नका लावू म्हटलं ना." पाणी हळूहळू राखाडी झाले. पुन्हा नवे पाणी, पुन्हा फेस. शेवटी कडे केसभर हलले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि ज्या माणसाला आपले लग्न ठरवून झाले याची फार खंत असते, त्याला तो क्षण मी उसना द्यायला तयार आहे.

कडे हलू लागले तरी करकर जाईना. ते उचलून खालची जागा साफ करणे भाग होते. त्यासाठी मी काय वापरले ते आता नीट ऐकावे: जीभ साफ करायची पितळी पट्टी. पितळ पोलादापेक्षा मऊ असते, ओरखडा उमटत नाही. पट्टीची कड फटीत सरकवून मी थोडी थोडी, जागा बदलत उचल दिली, आणि कडे टक् करून माझ्या तळहातावर आले. आत एक बारीक तारेची कडी होती. तीच वरच्या कड्याला पकड देते. तिच्याभोवती चिंचेच्या शिरा गुंडाळलेल्या आणि सगळीकडे राख. मी त्या शिरा कडुनिंबाच्या काडीने काढून तिच्यापुढे धरल्या.

"हे काय आहे?"

"चिंच हाये," ती म्हणाली. "पण अडवलं राखीनं. चाळणी आणा म्हणून मी तुमाले पोळ्याच्या सणापासून सांगून राहिले. चाळलेली राख असती तं कायले अडतं?"

हा वाद आजही मिटलेला नाही.

याच सुमाराला पाणकर आपल्या बाटलीसह आला. तिसरी हकिगत त्याच्या घरून निघाली आहे: म्हणे त्याने कड्यात टोरीचे तेल सोडले आणि ते सुटले. टोरी म्हणजे मोहाची बी. तिचे तेल थंडीत थिजते, आणि तेल कोणतेही असो, धूळ धरते. मी त्याला नम्रपणे नको म्हटले. त्याने ते तेल तुडुमाच्या लाकडी खुंट्याला लावले, जिथे त्याचा खरोखर उपयोग झाला. मी तारेच्या कडीला सायकलच्या डब्यातले ग्रीस लावले, तांदळाच्या कणीएवढे, आणि बोटाने पसरून जवळजवळ पुसूनच टाकले. पकड राहावी म्हणून तार किंचित वाकवली, कडे वर ठेवून अंगठ्यांनी दाबले. ते बसले आणि फिरले. इतके गुळगुळीत ते मेहुण्याच्या हातातही फिरले नसेल.

तिथेच पुढचा घोळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारीवर सगळे जमले. पत्नीही आली. मी घरी थांब म्हणालो होतो. ती म्हणाली, चिंच माझी होती, मी पाहीन. तुडुमाजवळच्या बांध्यांचा धनी, भारदस्त आणि सावलीच्या काठीचा जुना भक्त, याने माझ्या हातातून घड्याळ घेतले आणि कडे एका बोटाने फिरवून पाहिले.

"गुरुजी, परवा हे हालत नोतं म्हणते गाव. आज भिंगरीवानी फिरून राहिलं. माह्या पाळीत कोणाचा धक्का लागला आन् कडं सरकलं, त माहं पाणी कोण भरून देईन?"

प्रश्न वाजवी होता. मी त्या माणसाला एरवी फारसा न्याय देत नाही, पण एवढा देतो. मी तारेची पकड समजावून सांगू लागलो. ती कोणाला दिसत नव्हती, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला त्या पारीवर किंमत नव्हती.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "काठी रोवा. बापजाद्यानं तेच केलं."

टोकाच्या बांधीचा माझा मित्र मागे उभा होता. तो पुढे आला. "दादा, काठी रोवली का सावलीवर तुमची बांधी पाणी पिते," तो म्हणाला. "माही नुसती सावली पिते."

लोक हसले, पण पाणकराने काठी आणायला पाऊल उचललेच होते. मी घड्याळ धरून उभा होतो.

तेव्हा पत्नीने माझ्या हातातले घड्याळ घेतले. त्या काळी बायका कपाळाला आधी मेण लावीत आणि मग त्यावर कुंकू. तिने खूण काट्यासमोर आणली, कपाळावरच्या कुंकवाला नखाचे टोक लावले, आणि मेणासकट निघालेला तो लाल कण अशा जागी दाबला की अर्धा कड्यावर आणि अर्धा घड्याळाच्या अंगावर बसला.

म्हाताऱ्यांनी नजर वळवली. "बाई, कपाळाचं कायले काढलं?" पाणकर हळूच म्हणाला.

"पुसलं नाही जी. उलसं घेतलं. मेण हाये, पोलादाले धरते." मग तिने घड्याळ त्या धन्यापुढे धरले. "पाहून ठेवा, दादा. कडं सरकलं त टिकली मोडन. टिकली साबूत त पाळी खरी. घ्या, तुमीच धरून बसा."

त्याने घड्याळ दोन्ही हातांत घेतले, जसा प्रसाद घेतात. सवाष्णीच्या कपाळचे कुंकू हातात असताना खोटे बोलायची त्या पारीवर कोणाची छाती नव्हती, त्याचीही नव्हती. गावात पुढे देवीने कडे सोडवले, देवीने पाणी दिले असे लोक सांगू लागले. देवीबद्दल मला आदर आहे. पण त्या सकाळी मेण होते, कुंकू होते आणि एका बाईचे डोके होते.

पाळी संपली तेव्हा टिकली शाबूत होती. मग घरून मेणाची डबी आणि करंडा आणवला, आणि तिथल्या तिथे रीत पडून गेली: ज्याची पाळी संपली त्याने टिकली तपासायची, ज्याची सुरू होणार त्याने नवी लावायची. राकट बोटांनी, जीभ दातात धरून, बाप्ये घड्याळाला कुंकू लावीत. ही रीत पुढे विहिरींवर मोटारी येईपर्यंत, म्हणजे ऐंशीचे दशक बरेच उलटेपर्यंत टिकली.

टोकाची पाळी दुसऱ्या दिवशी आली, उन्हे कलताना. माझा मित्र टिकली लावून बांधीत उतरला आणि पाटाच्या तोंडाशी हात घालून बसला. पाणी आले. ते त्याच्या बोटांवरून गेले, मनगटावर चढले. बांधीतल्या भेगा आवाज करत मिटू लागल्या.

काही वेळाने मी वरून म्हणालो, "अर्धी पाळी झाली. पाहायला ये."

"तुमीच पाहा जी," तो मान वर न करता म्हणाला. "मी पाणी पाहून राहिलो."

धान निघाल्यावर तो नव्या पोह्यांचे गाठोडे घेऊन घरी आला. माझ्यासमोरून सरळ आत गेला आणि ते पत्नीच्या पुढ्यात ठेवले. "हे कड्यावाल्या बाईले."

मला हे बरोबर वाटले नाही, आणि मी तसे बोललो. कडे उचलले मी, तार वाकवली मी, ग्रीस माझ्या सायकलचे. टिकली तिची, हे मी कधीच नाकारलेले नाही. उलट या गावात देवीपासून पाणकरापर्यंत ज्याने त्याने ती पळवली असता ती तिच्या नावावर राहावी म्हणून सर्वांत जास्त भांडलेला माणूस मीच आहे. पण दुरुस्ती माझी.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. "मानलं, गुरुजी. दुरुस्त तुमी केली. पण बिघडवली कोणं?"

"हिने."

"मंग? बाईनं बिघडवली नसती त दादाले शंका येती काय? शंका न येती त टिकली निंघती काय? मांगच्या साली बिनटिकलीचं कडं होतं, तवा बी धक्के लागून लागून माह्या बांधीत अर्धंच पाणी आलं होतं. तुमाले सांगितलं नाही, तुमाले वाईट वाटलं असतं." मग पत्नीकडे वळून म्हणाला, "बाई, चिंच चांगली होती हो तुमची."

ती पोहे सुपात ओतत होती. तिने मान वर केली नाही. पण तिचे खांदे हसत होते, ते मला दिसले.

इतरांच्या सगळ्या हकिगती मी वर खोडून काढल्या आहेत. ही एक राहिली आहे. तिच्यातला दोष मी इतकी वर्षे शोधतो आहे आणि सापडेल याची मला खात्री आहे. तोवर खांडेनवमीला घड्याळ मी स्वतः पुसतो, कोरड्या फडक्याने. शेजारी तिने चिंच भिजत घातलेली असते. राख चाळलेली असते.